चाळीसपासून एकपर्यंत

‘स्कूबी डू’ बघितलंय ना लहानपणी? त्यातला शॅगी आठवा. हिरवा टी-शर्ट, हनुवटीवर चार केस, कायम भुकेला आणि भूत दिसलं की सगळ्यात आधी पळणारा. इंग्रजीतून बघितलं असेल तर त्याचा आवाज तुमच्या कानात असणारच. पण अमेरिकेत साठीच्या आसपासच्या कुणालाही या आवाजाच्या मालकाबद्दल विचारा, त्यांना शॅगीच्या आधी रेडिओ आठवेल. सुट्टीचा दिवस, चाळीस गाणी, आणि पहिल्या नंबरवर कोण याची धाकधूक.

माणसाचं नाव केसी केसम. जन्म १९३२, गाव डेट्रॉइट. खरं नाव केमाल अमीन केसम. आई-वडील लेबनॉनहून आलेले द्रूझ, त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. शाळेत असतानाच रेडिओचं वेड लागलं. मग सैन्यात भरती व्हावं लागलं, थेट कोरियात रवानगी झाली, तर तिथेही पठ्ठ्या सैन्याच्या रेडिओवरच बोलत होता.

परतल्यावर तो गावोगावच्या स्टेशनांवर डीजे होता. वेगवेगळे आवाज काढायचा, विनोद करायचा. १९६२ च्या सुमारास ओकलंडच्या स्टेशनवर साहेबांनी सांगितलं, हे सोंग बंद, गाण्यांबद्दल बोल. कार्यक्रम तोंडावर आलेला आणि बोलायला काही नाही! तेव्हा कचऱ्याच्या टोपलीत त्याला गायक-गायिकांची माहिती देणारं एक जुनं मासिक मिळालं. हा किस्सा तो स्वतःच सांगायचा. त्याने युक्ती काढली : गाण्याआधी गायकाची अर्धी गोष्ट सांगायची, नाव लपवायचं आणि गाणं झालं की फोडायचं. आज तुम्ही रील शेवटपर्यंत बघता ना, तीच युक्ती. फक्त याला मासिक कचऱ्यात सापडलं होतं.

४ जुलै १९७० च्या शनिवार-रविवारी ‘अमेरिकन टॉप ४०’ सुरू झाला. कल्पना त्याची आणि त्याचा जुना मित्र डॉन बस्टनी याची. ‘बिलबोर्ड’ची यादी घ्यायची आणि ४० पासून उलटं मोजत एकवर यायचं. पहिल्या वेळी फक्त सात स्टेशनं होती. कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून त्याच्या तबकड्या स्टेशनांना पोस्टाने जायच्या. आपल्याकडे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५० च्या दशकापासूनच हे करत होती, मुंबईत रेकॉर्ड होऊन सिलोनवरून ऐकू येत होती, तेव्हा उलट्या मोजणीचं कौतुक आपल्याला नवं नाही. घरी आजी-आजोबांना विचारा, ‘पायदान’ हा शब्द ते कुठे शिकले.

केसीचं वेगळेपण १९७८ मध्ये दिसलं. श्रोत्यांनी पत्र लिहायचं, दूर गेलेल्या माणसाचं नाव कळवायचं, आणि केसीने ते पत्र वाचून त्याच्यासाठी गाणं लावायचं. देश सोडून गेलेली मैत्रीण, तुटलेला मित्र, कुणाचा मेलेला कुत्रासुद्धा. त्या कुत्र्याच्या पत्राआधी एकदा धांगडधिंग्याचं गाणं लावलं होतं. असं नाचून झाल्यावर मरणाबद्दल बोलायचं कसं, म्हणून रेकॉर्डिंगमध्येच तो अस्सल शिव्या देत भडकला. ती टेप बाहेर फुटली. मला तो त्या टेपमुळे जास्तच आवडतो. पत्र त्याच्यासाठी खरं होतं, हे तिथे कळतं.

आवाज विकून पोट भरणारा हा माणूस ‘नाही’ म्हणायलाही कचरत नसे. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये तो काही पात्रांना आवाज देत होता. एका भागात खलनायकी अरब आणि त्यांच्या देशाचं नाव ‘कार्बॉम्ब्या’. एक तरी चांगला अरब आहे का, असं त्याने विचारलं. नव्हता. त्याने मालिका सोडली. पुढे शाकाहारी असलेल्या केसीला शॅगीच्या आवाजात बर्गरची जाहिरात करायला सांगितली, तेव्हा त्याने शॅगीही सोडला. काही वर्षांनी परतला तो शॅगीला शाकाहारी करूनच.

२००४ मध्ये त्याने टॉप ४० रायन सीक्रेस्टच्या हाती दिला, २००९ मध्ये रेडिओ पूर्ण थांबवला. त्यानंतरचं सांगायला जीभ रेटत नाही. मेंदूच्या आजाराने त्याचं बोलणंच गेलं. आम्हाला वडिलांना भेटू देत नाहीत, म्हणून पहिल्या लग्नाची मुलं २०१३ मध्ये त्याच्या घराबाहेर फलक घेऊन उभी राहिली. दुसरी बायको आणि मुलं यांचं भांडण कोर्टात गेलं. १५ जून २०१४ ला तो गेला आणि मग अंत्यसंस्कारावरूनही वाद झाले. सहा महिन्यांनी दफन झालं ते नॉर्वेत, ऑस्लोला. लोकांची पत्रं दूरच्या माणसांपर्यंत पोचवणारा माणूस, आणि त्याची पोरं त्याच्यापासून एवढ्या लांब.

त्याचे ७० आणि ८० च्या दशकांतले कार्यक्रम आजही काही अमेरिकन स्टेशनं शनिवार-रविवारी लावतात. निकाल चाळीस वर्षांपूर्वीच लागलाय, तरी चाहते कान लावून बसतात आणि वाद घालतात. सगळ्यात जुनी ठसठस ‘फॉरेनर’ बँडच्या ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ची. १९८१-८२ मध्ये ते दहा आठवडे दोन नंबरवर अडकून पडलं, कारण बहुतेक सगळे आठवडे वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं ‘फिजिकल’ ठाण मांडून होतं. दोन्ही गाणी ऐका आणि ठरवा, अन्याय झाला की नाही.