मिस सिंथिया फॅरार : एका परदेशी शिक्षिकेचे ऋण

आपल्या विद्यालयाच्या सभागृहात तथागत भगवान बुद्धांच्या मूर्तीशेजारी महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा आहेत. ३ जानेवारी, ११ एप्रिल व १४ एप्रिल हे दिवस आपण श्रद्धेने पाळतो. ३१ जुलैला जळगाव-धुळ्याचे आपले बांधव लळिंगच्या बंगल्यावर अभिवादनास जातात, कारण १९३७ साली धुळ्याच्या न्यायालयातील कामासाठी आले असता बाबासाहेब तेथे उतरले होते. या साऱ्या स्मरणात एक नाव मात्र सहसा येत नाही. ते एका अमेरिकन ख्रिस्ती शिक्षिकेचे आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना व पालकांना त्यांचा परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

सिंथिया फॅरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो या लहानशा गावी झाला. तरुणपणीच त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला. त्या काळी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू होते. १८१३ साली आलेल्या या मिशनने १८२४ मध्ये तेथे मुलींची शाळा उघडली होती. शाळा वाढू लागल्या, परंतु मिशनऱ्यांच्या पत्नींवर घरसंसाराचा भार होता व आजारपणेही पाठ सोडत नव्हती. सारा वेळ शाळांनाच देऊ शकेल अशी स्त्री हवी होती. मिशनच्या या मागणीवरून फॅरार यांची निवड झाली.

एकट्या, अविवाहित स्त्रीने समुद्रापार जाऊन काम करावे, ही कल्पना त्या वेळी अमेरिकेतील धर्मनिष्ठांनाही चमत्कारिक वाटे. फॅरार तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. जून १८२७ मध्ये त्यांनी बोस्टनचा किनारा सोडला आणि कलकत्त्यामार्गे वर्षाच्या अखेरीस त्या मुंबईस पोहोचल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुण्यात जोतीरावांचा जन्म झाला होता. या दोन आयुष्यांची गाठ पुढे कशी पडणार, हे तेव्हा कोणास ठाऊक असणार?

मुंबईत त्यांचे पहिले काम मराठी शिकण्याचे होते. त्यानंतर शहराच्या निरनिराळ्या भागांतील मुलींच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. मुलगी शिकली तर घर बुडेल, वैधव्य येईल, अशा समजुती तेव्हा घराघरांत होत्या. आज आलेली मुलगी उद्या येईलच, याची खात्री नसे. लग्न ठरले की पाटी कायमची सुटे. अशा वेळी व्याख्यानांचा उपयोग थोडा होता. शाळांची फेरी करावी, आयांशी बोलावे, अक्षर गिरवून घ्यावे, सुई धरायला शिकवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे, असे ते काम होते. आपल्या धर्माची साक्ष देण्यासाठी त्या आल्या होत्या. परंतु ती साक्ष त्यांनी व्यासपीठावरून दिली नाही. शाळेच्या रोजच्या तासांतून ती दिली.

१८३७ साली प्रकृती ढासळल्याने त्यांना मायदेशी परतावे लागले. दहा वर्षे परमुलखात काढलेल्या स्त्रीने तेथेच विसावा घेतला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी नगरला राहिल्या. नगरचे मिशन १८३१ पासूनचे, म्हणजे सावित्रीबाईंच्या जन्मवर्षापासूनचे. या मिशनच्या कार्याला तेथील महार-मांग वस्त्यांतून विशेष प्रतिसाद मिळाला, ही गोष्ट आपल्या समाजाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८४८ च्या सुमारास जोतीराव आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरला गेले असता त्यांनी मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली. जोतीराव तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. त्या दर्शनाने त्यांच्या मनातील विचार पक्का झाला. मुलांच्या शाळेपेक्षाही मुलींच्या शाळेची निकड अधिक आहे, असे मत त्यांनी पुढे नमूद केले. पुण्यास परतल्यावर त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. मिस फॅरार ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी आल्या होत्या. त्यांच्या मिशनच्या शाळांत बायबलाचे वाचन होई, आणि मुलींनी ख्रिस्ताकडे वळावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मग बौद्धांच्या विद्यालयाने त्यांचे गुणगान का करावे?

आमचे उत्तर असे आहे. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली, तिच्यातील सार घेतले, परंतु बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरुस्थानी मानले. धुळ्याहून नगरला जाताना वाटेत येवले लागते. तेथे १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि एकवीस वर्षे सर्व धर्मांचा विचार करून १९५६ मध्ये नागपूरला धम्माचा स्वीकार केला. मिस फॅरार यांनी लावलेल्या रोपाला त्यांना अपेक्षित असलेले फळ आले नाही. जे आले ते आपल्या ओंजळीत आहे. ज्याने आपल्याला दिले त्याचा धर्म वेगळा होता, म्हणून ऋण नाकारणे हे कृतज्ञतेला धरून नाही. तथागतांनी तर कृतज्ञ मनुष्य जगात दुर्लभ असल्याचे सांगितले आहे.

२५ जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मधली अमेरिकेतील दोन वर्षे वगळता त्यांनी सुमारे बत्तीस वर्षे महाराष्ट्रात काढली होती. जितके वय घेऊन त्या आल्या, तितकीच वर्षे त्यांनी आपल्या मुलींना दिली.

आपले विद्यालय निवासी आहे. येथे पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत मुलांचा प्रत्येक तास कोणाच्या तरी हाती असतो. गृहपाठ तपासणारे गुरुजी, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या मावशी, यांची नावे कोठे कोरली जात नाहीत. घडवणारे तास मात्र तेच असतात, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांपैकी जे आज जळगाव-धुळ्यात नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत, त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ येथील अभ्यासिकेस द्यावी, ही आमची विनंती आहे. आणि येत्या ३ जानेवारीस सावित्रीमाईंना वंदन करताना, त्यांना शिकवणाऱ्या त्या परदेशी बाईंचे नावही एकदा उच्चारावे.