कै. दादासाहेब फाळके व ध्वनीचा तक्ता

यंदा आमच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी सातव्या इयत्तेतील मुलांनी ध्वनिशास्त्रावर एक मोठा रंगीत तक्ता करावयास घेतला. मध्यभागी शाळेची घंटा, तिच्यापासून निघालेली वायुलहरींची वर्तुळे, एका बाजूस नादकाटा, दुसऱ्या बाजूस तंबोऱ्याची कंप पावणारी तार, खाली मनुष्याचा कान, आणि ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे 340 मीटर जातो हे ठळक अक्षरांत, अशी मांडणी ठरली. उजवा कोपरा एखाद्या थोर पुरुषाकरिता मोकळा ठेवला होता. मुलांनी बेल व एडिसन यांची नावे सुचविली. आम्ही दादासाहेब फाळके यांचे नाव सुचविले, तेव्हा वर्गात हशा पिकला. ज्यांनी जन्मभर मूकपट काढले त्यांचा ध्वनीशी संबंध काय, असे मुलांचे म्हणणे. हरकत रास्त होती, व तिचे उत्तर देण्याकरिता त्यांचे चरित्रच सांगणे आम्हांस भाग पडले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी, नाशिकपासून अवघ्या नऊ कोसांवरील त्र्यंबकेश्वरी झाला. घरी संस्कृत विद्येची परंपरा. परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे. 1885 साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, शिळाछाप, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग, जे हाती आले ते त्यांनी शिकून घेतले. रंगीत चित्रे छापण्याचा धंदा त्यांनी काही काळ केला व त्यातील नव्या यंत्रांकरिता 1909 साली ते जर्मनीस जाऊन आले. एकाच चित्रातील प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावा लागतो आणि एक दगड केसभर सरकला तरी सारे चित्र बिघडते, हे आम्ही सांगितले तेव्हा तक्त्यावर रंग सांडून बसलेली मुले एकमेकांकडे पाहू लागली. भागीदारांशी न पटल्यामुळे दादासाहेबांनी हा धंदाही सोडला.

1910-11 च्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालू असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या देशातील कथा याच रीतीने दाखवावयाच्या हा निश्चय त्यांनी तेथेच केला. त्यानंतर चित्रपट पाहण्याचा व अभ्यासण्याचा त्यांनी इतका ध्यास घेतला की काही दिवस त्यांची दृष्टी गेली होती. उपचारांनी ती परत आली. विम्यावर कर्ज काढून 1912 साली ते विलायतेस गेले, तेथील निर्मात्यांकडून माहिती मिळविली व कॅमेरा घेऊन परतले. कर्ज देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला, आणि सुमारे महिनाभर थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. आमच्या मते हा वाटाण्याचा वेल प्रत्येक विज्ञानशाळेत सांगण्याजोगा आहे.

येथे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्या काळी कोऱ्या फितीच्या कडेला छिद्रे नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत, व हे काम त्या करीत. फीत धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले, दागिने गहाण पडू दिले, आणि कंपनीतील सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचे कामही पुरुषानेच केले होते. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकास आले; ‘लंकादहन’ 1917 साली निघाला व 1918 साली हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली.

आता ध्वनीकडे वळू. मूकपट खरोखर मुके नसत. चित्रगृहात पेटी-तबला वाजे, आणि संवादाचे मजकूर पडद्यावर अक्षरांनी दिसत. मजकुराची भाषा बदलली की तोच चित्रपट दुसऱ्या प्रांतात चाले. कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवीत, सेकंदास सोळाच्या आसपास चित्रे घेत; हात थोडा मंदावला तरी डोळा ते सोसतो. कान मात्र सोसत नाही. ग्रामोफोनची चावी उतरत आली म्हणजे गाणाऱ्याचा स्वर कसा खाली खाली जातो, हे मुलांनी आपल्या आजोबांस विचारावे. कंपनांची संख्या घटली की स्वर उतरतो, हा आमच्या तक्त्यावरील तिसरा नियम. म्हणून बोलपटाची फीत यंत्राने, सेकंदास बरोबर चोवीस चित्रे, म्हणजे अठरा इंच, या अढळ गतीने धावू लागली. मायक्रोफोनचा पडदा आवाजाने कापे, त्याचा विद्युत्प्रवाह होई, आणि त्या प्रवाहाबरोबर कमीअधिक होणारा प्रकाश फितीच्या कडेस एका पट्टीत उमटे. चित्रगृहात त्याच पट्टीतून प्रकाश जाऊन उलट क्रमाने आवाज निघे. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्यास कोंदट पेटीत कोंडावे लागले. चित्रण चालू असता नटांस ओरडून सूचना देण्याची सोय राहिली नाही. मूकपटात कोणासही न जाणवणारे वारे व कावळे आता वैरी झाले.

14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. पुढल्या वर्षी प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. कथा तीच, हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी जी कथा दादासाहेबांनी मुक्याने सांगितली होती, ती आता गात होती. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून निघाला, परंतु त्यास मागाहून आवाज जोडावा लागला, व तो 1934 साली तसा प्रदर्शित झाला. या पीछेहाटीत दादासाहेबांचा काहीच दोष नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. भागीदारांशी त्यांचे वारंवार बिनसे. भरभराटीच्या ऐन काळी ते कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले होते, आणि 1922 साली परतले तोवर धंदा पुढे गेला होता. तथापि साठी उलटल्यावर, ज्या शास्त्राने आपली विद्या जुनी ठरविली तेच शास्त्र हाती घेण्यास ते निघाले, हे थोडे नव्हे. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. 1937 साली तो प्रदर्शित झाला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. तोच त्यांचा पहिला व अखेरचा बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

मुलांनी अखेर कोपरा दादासाहेबांस दिला. चेहऱ्याशेजारी फितीचे दोन तुकडे काढावयाचे ठरले, एक 1913 चा व एक 1937 चा. आता चित्रगृहांतून फीत बहुतेक गेली आहे. म्हणून मुलांनी तुकडे ऐकीव माहितीवरून काढले व दोहोंतही चित्र छिद्रांपासून छिद्रांपर्यंत भरून टाकले. मग ध्वनीची पट्टी कोठे काढावी हा प्रश्न पडला. खऱ्या फितीवरही हीच अडचण आली होती, आणि चित्राची रुंदी सुमारे दशांश इंच कमी करून ती सोडविली गेली. त्याप्रमाणे मुलांनी दुसऱ्या तुकड्यावरील चित्राची एक कड रबराने खोडली आणि तेथे काळी-पांढरी नागमोडी रेघ काढली.