गहुलीचे नाईक आणि वरळीचे मैदान

दरवर्षी १ जुलै उजाडला की यवतमाळ जिल्ह्यात वसंतराव नाईकांच्या पुतळ्यांना हार पडतात. हा दिवस कृषी दिन म्हणून साजरा होतो. संकरित ज्वारी, रोजगार हमी, कृषी विद्यापीठे यांची भाषणांतून उजळणी होते. त्यात खोटे काही नाही. परंतु हे झाले शेतशिवारातले नाईकसाहेब. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री म्हणून हा माणूस मुंबईत राहिला. त्या मुंबईत तेव्हा रस्ता कोणाचा होता, मैदान कोणाचे होते आणि बोलण्याची मुभा कोणाला होती, याविषयी पुतळ्यापुढे कोणी चकार शब्द काढत नाही. आम्ही तो काढणार आहोत. आमच्या वस्त्यांत नाईकसाहेबांना आपला माणूस म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातील गहुलीचा. आजोबा चतुरसिंग यांनी भटका तांडा या ठिकाणी स्थिर केला आणि गाव वसवले. वडील फुलसिंग तांड्याचे नाईक. घरात मुलाचे नाव हाजुसिंग होते, वसंतराव हे नाव नंतरचे. ज्या समाजाच्या पाठीवर बैलांचे तांडे, मिठाची व धान्याची ने-आण आणि गावकुसाबाहेरचा मुक्काम लिहिलेला होता, त्या बंजारा समाजातला हा मुलगा. इंग्रजांनी रेल्वे आणली, बंजाऱ्यांचा व्यापार बसला, आणि देशाच्या अनेक भागांत या समाजाच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. त्या शिक्क्याचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तेव्हा वसंतराव मध्यप्रदेशात उपमंत्री होते. गावाबाहेरच्या मुक्कामाचा अर्थ या माणसाला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. आमचा पुढचा सारा आक्षेप याच गोष्टीवर उभा आहे.

आसपासच्या गावांत पायपीट करून प्राथमिक शिक्षण, पुढे नागपूरला नील सिटी हायस्कूल, मॉरिस कॉलेज आणि १९४० साली वकिलीची पदवी. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काम केले, मग पुसदला स्वतःची वकिली. कास्तकार व गोरगरीब हे पक्षकार. १९४१ साली नागपूरच्या घाटे घराण्यातील वत्सलाताईंशी त्यांनी विवाह केला. तांड्याचा मुलगा आणि ब्राह्मणाची मुलगी. त्या काळी दोन्हीकडून विरोध झाला आणि दोघेही त्याला पुरून उरले. जातीच्या भिंती लग्नाने फुटतात हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले होते. वसंतरावांनी ते आपल्या घरापुरते करून दाखवले. याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि वसंतराव मंत्री म्हणून मुंबईला गेले. मलबार हिलवरचा ‘डग बीगन’ नावाचा बंगला त्यांच्या वाट्याला आला. नाव बदलून त्यांनी ‘वर्षा’ ठेवले. पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! पुढे तेच मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान झाले. समुद्राकाठच्या त्या टेकडीवर धनिकांच्या शेजारी विदर्भातला एक तांडेवाला राहू लागला, याचा आमच्याकडे तेव्हा अभिमान होता, आजही आहे.

महसूलमंत्री असताना त्यांच्या हातून १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा झाला. ५ डिसेंबर १९६३ रोजी, कन्नमवारांच्या निधनानंतर, ते मुख्यमंत्री झाले. वर्ष पुरे होते न होते तोच ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि आमच्या माणसांनी तुरुंग भरले. कायदा कागदावर होता, जमीन जमीनदाराकडेच होती. पण १९६७ पासून आमचेच पुढारी काँग्रेसबरोबर युतीत गेले. तेव्हा नाईकसरकारच्या पापात आमच्या मतांचाही वाटा आहे, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो.

अन्नधान्याच्या बाबतीत मात्र वसंतराव खरे उतरले. दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्या, असे त्यांनी शनिवारवाड्यावर जाहीर केले होते. त्यांच्याच काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात सरकारने जागोजागी कामे काढली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. खडी फोडणाऱ्या त्या हातांत सर्वांत जास्त हात भूमिहीनांचे, म्हणजे आमचेच होते. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना नाईकांनी उचलून धरली नसती तर किती वस्त्या उठल्या असत्या, कोण जाणे.

आता मुंबई.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्याआधी सहा वर्षे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक परप्रांतीयांविरुद्ध वातावरण तापवत होते. आधी चित्र, मग भाषण, मग दगड, असा क्रम होता. ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला आणि त्या व्यासपीठावर काँग्रेसचे रामराव आदिकही होते. गिरणगावात शाखा निघाल्या, नाक्यांवर फलक लागले, गणेशोत्सवाच्या मंडपांतून माणसे जमू लागली. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या कार्यालयावर हल्ला झाला. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई अनेक दिवस पेटली, पन्नासहून अधिक माणसे मेली. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि त्यांच्या जागेवर झालेली पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली.

मुख्यमंत्री हे पाहत होते. लोकांनी त्या संघटनेला ‘वसंतसेना’ हे नाव उगीच ठेवले नव्हते. गिरणगावातील लाल बावट्याची मिरासदारी मोडायची होती आणि ते काम परस्पर होत होते. वसंतराव पाइप ओढत शांत राहिले. त्यांच्या शांतपणाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. १९६९ साली सेनाप्रमुखांना अटक झाली हे खरे, परंतु मुंबई शांत करायला सरकारला तुरुंगातल्या त्याच माणसाच्या आवाहनाची गरज लागली. रस्त्याची मालकी कोणाकडे गेली होती, हे यावरून समजावे.

शहराची जागाही त्याच काळात वाटली जात होती. समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभे राहिले. बॅकबेचे भूखंड बिल्डरांना स्वस्तात दिल्याचा आरोप सरकारवर झाला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी शेतकरी व आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला. म्हणजे गरिबाच्या झोपडीजवळ नळ व संडास द्यायचा, आणि समुद्रातून काढलेली नवी जमीन श्रीमंताला द्यायची. हा हिशेब तेव्हा कोणी फळ्यावर मांडला नाही. १९७२ नंतर महागाई वाढली तेव्हा बायकांनी लाटणी व थाळ्या घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर आली की राज्यकर्त्याने घाबरायला हवे.

आणि मग आमची पोरे उठली. १९७२ सालच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात आमच्या स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातील बावड्यात आमच्या वस्तीवर बहिष्कार पडला. विधानसभेत प्रश्नोत्तरे झाली आणि संपली. त्याच सुमारास नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. ही बहुतेक लिहिणारी पोरे होती, लघुअनियतकालिकांतून आलेली. ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा; कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या मराठी कवितेत त्यांनी प्रथमच स्वतःच्या पायांनी चालत आणल्या. १५ ऑगस्टला ‘साधना’त ढालेंचा काळ्या स्वातंत्र्यदिनावरचा लेख आला आणि पांढरपेशी मुंबई हादरली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात, चाळींच्या जिन्यांवर, चहाच्या हॉटेलांत कविता आणि मोर्चा एकाच बैठकीत ठरत. दुसरी जागा होतीच कुठे? ना सभागृह आमचे, ना नाट्यगृह, ना वर्तमानपत्र. मैदान तेवढे मागितले की मिळत होते.

ते मैदान वरळीचे. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे इंग्रज सरकारने १९२० च्या सुमारास बांधलेल्या बी.डी.डी. चाळी, त्यांतल्या १२१ इमारती एकट्या वरळीत. एका खोलीला सुमारे १६० चौरस फूट जागा, त्यात आठ-दहा माणसे. त्याच चाळींत बौद्ध राहत, सवर्ण गिरणी कामगार राहत आणि पोलीस शिपायांची कुटुंबेही राहत. जयंतीची मिरवणूक आणि गणपतीची मिरवणूक एकाच रस्त्याने जात असे. घरे एवढी लहान की माणसाचे सारे आयुष्य जिन्यात, गच्चीवर आणि मैदानात. म्हणून मैदान कोणाचे, हा प्रश्न तिथे घराइतकाच जिव्हाळ्याचा.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य दक्षिण मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. त्याच दिवसांत गिरण्यांचा संपही पेटलेला. पँथरने जाहीर केले की अत्याचार थांबत नाहीत तोवर दलितांची मते कोणालाच नाहीत. ५ जानेवारीला वरळीच्या आंबेडकर मैदानात सभा झाली. निमित्त भाषणांचे झाले. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्या दगड मारणाऱ्यांपेक्षा सभेला बसलेल्यांवर अधिक चालल्या. राजा ढालेंना मार बसला. रात्री दंगल चाळीचाळींत शिरली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा नायगावहून निघाला आणि परळला इमारतीवरून टाकलेला पाटा डोक्यात बसून भागवत जाधव हा तरुण पँथर जागीच गेला. मिरची वाटायचा पाटा! रमेश देवरुखकर हा आणखी एक तरुण याच दंगलीत बळी पडला. वरळी त्यानंतर कित्येक आठवडे धुमसत राहिली.

मलबार हिल ते वरळी ही दोन तासांची पायपीटही नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ज्याच्या तांड्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, त्या माणसाला या चाळींतल्या पोरांचा संताप ओळखू कसा आला नाही? त्यांनी न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचे काम चालू राहिले, अहवाल १९७६ साली आला, तोवर नाईक मुख्यमंत्री नव्हते. पोलिसांच्या वागण्यावर आयोगाने ठपका ठेवला, पण त्याने भागवत परत येणार नव्हता. पोटनिवडणुकीत आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. बहिष्काराचा धक्का दिल्लीपर्यंत पोचला. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात, म्हणजे वसंतरावांच्या घरच्या मुलखालगतच, ढाकळीच्या गवई बंधूंचे डोळे काढले गेले. आम्ही विदर्भातले लोक हे विसरू शकत नाही.

काहीजण म्हणतात की नाईकसाहेब दुष्काळात गुंतले होते, मुंबई त्यांची नव्हतीच. आम्हाला हे पटत नाही. ज्याला भूखंड देता येतात त्याला मैदानही राखता येते. आमचे मत असे, की वसंतरावांना भूक समजत होती, अपमान समजेनासा झाला होता. ज्वारी मागणारा माणूस त्यांना दिसे, कविता घेऊन उभा असलेला दिसत नसे. नाईकीची सवय म्हणा. तांड्यात नाईक सर्वांचे पोट पाहतो, पण नाईकासमोर आवाज चढवलेला त्यालाही चालत नाही.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी इंदिरा गांधींनी त्यांना बाजूला केले आणि शंकरराव चव्हाणांना आणले. १९७७ साली ते वाशिममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला त्यांचे निधन झाले.

गहुलीच्या त्याच घरातून पुतणे सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पुन्हा पेटली, ९०० माणसे मेली. निर्णयाअभावी जानेवारीतले मोलाचे चार दिवस वाया गेले, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. काकांच्या काळात ज्यांना रस्ता मोकळा मिळाला, त्यांनी पुतण्याच्या काळात तो ताब्यातच घेतला होता.

यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतरावांचे नाव आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठालाही आहे. ती नावे असावीत. वरळीच्या बी.डी.डी. चाळी आता पाडल्या जात आहेत. २०२५ साली पहिल्या रहिवाशांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५ जानेवारीची सभा पाहिलेली माणसे आता सत्तरी ओलांडलेली आहेत. येत्या १ जुलैला पुसदला जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हार जरूर घालावा, आणि बोलण्याची पाळी आली तर रोजगार हमीबरोबर भागवत जाधवचे नावही घ्यावे.