न पाहिलेले पंचेचाळीस पट

आमच्या लहानपणी दिवे जाणे ही नित्याचीच गोष्ट होती. अशाच एका संध्याकाळी काकांशी डाव रंगात आला असताना दिवे गेले. कंदील स्वयंपाकघरात होता, मेणबत्ती सापडेना. मी पट आवरू लागलो तेव्हा काकांनी मला थांबवले आणि अंधारातच आपली पुढची खेळी तोंडी सांगितली. मी कशाबशा चार खेळ्या केल्या. पाचवीला माझा उंट माझ्याच प्याद्यावरून उडी मारून पलीकडे गेला आणि काका पोट धरून हसले. दिवे आल्यावर त्यांनी त्या सगळ्या खेळ्या पटावर भराभर लावून दाखवल्या आणि उंटाची वाट कुठे अडली होती त्यावर बोट ठेवले.

मग मी हट्टच धरला. काका सांगत, पट म्हणजे चौसष्ट घरांचे गाव. आधी प्रत्येक घराचा पत्ता आणि रंग पाठ हवा. जेवताना मध्येच ते एखादे घर विचारत आणि ते काळे की पांढरे हे मी घास गिळायच्या आत सांगायचे. पुढे घोडा एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात न्यायचा, तोही डोळे मिटून. त्याला सहा उड्या लागतात. एवढे जमायलाच मला उन्हाळ्याची एक सुट्टी लागली. मिगेल नायडॉर्फचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते याच दिवसांत. काका ते एखाद्या गवयाचे घ्यावे तसे, कानाला हात लावून घेत.

नायडॉर्फचा जन्म १९१० सालचा, पोलंडमधल्या वॉर्सॉजवळच्या एका गावातला. घर ज्यू. १९३९ च्या उन्हाळ्यात बुद्धिबळ ऑलिंपियाडसाठी पोलंडचा संघ बोटीने अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला गेला, त्यात तो होता. बायको, लहान मूल, आईवडील, भाऊ सगळे मागे राहिले. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. इंग्लंडचा संघ स्पर्धा सोडून परत निघाला. पोलंड आणि जर्मनी यांची लढत न खेळताच बरोबरीत सोडवली गेली. शेवटी जर्मनी पहिला आला आणि पोलंड दुसरा, अवघ्या अर्ध्या गुणाने मागे. त्या दिवसांत पटासमोर बसून पोलिश खेळाडूंच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

नायडॉर्फ परतला नाही. परतला असता तर वाचला नसता. भाषा अनोळखी, खिशात फारसे काही नाही आणि घरची खबर नाही. १९४४ मध्ये तो अर्जेंटिनाचा नागरिक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी रोसारिओ शहरात तो पटांकडे न पाहता एकाच वेळी चाळीस जणांशी खेळला. तोपर्यंतचा विक्रम चौतीस पटांचा होता, कोल्टानोव्स्कीने १९३७ मध्ये एडिनबरोला केलेला. नायडॉर्फला या विक्रमातून हवे होते ते वेगळेच. आकडा मोठा असला की बातमी दूर जाते. ती जर्मनीत, पोलंडमध्ये, रशियात छापून येईल आणि घरचे कोणी जिवंत असेल तर त्याला कळेल की आपला माणूस इथे आहे, ही त्याची आशा होती. त्याने स्वतःच हे पुढे सांगितले. युद्धात टपाल बंद, तर मग बुद्धिबळाकरवीच पत्र!

उत्तर आले नाही. जानेवारी १९४७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत त्याने पंचेचाळीस पट मांडायला लावले. युरोपातले युद्ध संपून तेव्हा दीड वर्ष उलटले होते. पंचेचाळीस पट म्हणजे सुरुवातीला चौदाशे चाळीस मोहरी! असे खेळणारे पटांचे गट पाडतात. एका गटात राजापुढचे प्यादे सरकवायचे, दुसऱ्यात वजिरापुढचे, म्हणजे डाव एकमेकांत मिसळत नाहीत. पण प्रत्येक डाव स्वतःची वाट धरू लागला की ही सोयही संपते. हे सारे साडेतेवीस तास चालले. समोरचे काही खेळाडू थकून उठले, त्यांच्या जागी दुसरे बसले. नायडॉर्फच्या जागी बसायला कोणी नव्हते. एकोणचाळीस डाव जिंकले, चार बरोबरीत, दोन हरले.

त्यानंतर त्याला झोप येईना. मिटल्या डोळ्यांपुढे पट हलतच होते. शेवटी तो एका चित्रपटगृहात जाऊन बसला आणि तिथे त्याला झोप लागली, असे सांगतात. मला हे खरे वाटते. दहाबारा खेळ्यांचा एकच डाव डोळे मिटून खेळलो तरी माझे डोके रात्री उशिरापर्यंत तापलेले असे.

बायको, मूल, आईवडील, भाऊ यांच्यापैकी कोणीही वाचले नव्हते.

नायडॉर्फने पुढे पुन्हा संसार मांडला, विम्याच्या धंद्यात पैसा मिळवला, १९५० साली ग्रँडमास्टर किताब घेतला आणि म्हातारपणीही तो हौसेने खेळत राहिला. १९९७ मध्ये स्पेनमधल्या मालागा इथे, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला. विक्रमही पुढे मोडला गेला. २०१६ मध्ये तिमूर गरेयेव अठ्ठेचाळीस पट खेळला, तेही व्यायामाच्या सायकलवर बसून. सिसिलियन बचावात काळ्याने पाचव्या खेळीला कडेचे प्यादे एकच घर पुढे ढकलायचे, ती पद्धत मात्र नायडॉर्फच्या नावानेच चालते. आपला आनंदही ती खेळत आला आहे.

काका आता नाहीत. त्यांचा पट माझ्याकडे आहे, त्यातला एक काळा घोडा हरवलेला. मुलीबरोबर खेळताना त्या जागी आम्ही बाटलीचे बूच ठेवतो. मध्यंतरी दिवे गेले तेव्हा मी तिला अंधारात खेळी सांगितली. तिचा उंट सातव्या खेळीपर्यंत नीट चालला.