फादर स्टीफन्स आणि मराठीचे स्वर

आमच्या विद्यार्थ्यांनीं धामणकर नाक्याचें नांव इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावें. त्यांत ‘ए’ हें अक्षर पांच वेळां येतें. तीन ठिकाणीं त्याचा उच्चार ‘आ’, दोन ठिकाणीं ‘अ’. भिवंडीकर चुकत नाहीं, कारण नांव त्यास आधींच ठाऊक असतें. परक्यानें काय करावें? याच अडचणीशीं चारशें वर्षांपूर्वीं ज्या इंग्रज सत्पुरुषाची गांठ पडली, त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. रोम येथें ते जेज्विट संघांत दाखल झाले, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरास गोव्यास पोहोंचले. १६१९ सालीं मरण येईपर्यंत ते तेथेंच राहिले. बहुतेक काळ साष्टी महालांत गेला. कोंकणीचें व्याकरण त्यांनीं रचलें. तें १६४० सालीं छापलें गेलें.

नवख्रिस्ती लोकांस जुन्या पुराणांची गोडी होती, व त्यांच्या जागीं आपलें कांहीं वाचावयास हवें होतें. त्यांच्यासाठीं फादरांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत लिहिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें, पण रोमन अक्षरांत! नागरी खिळे पाडावे अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमला तसें लिहिलेंही: अक्षरांचे सहाशें सांचे लागतात, पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील. तें त्यांच्या हयातींत घडलें नाहीं.

मग रोमन लिपीलाच त्यांनीं मराठी वळण लावलें. ‘ळ’ साठीं ‘एल’ दोनदां, ‘ठ’ साठीं दोन ‘टी’ व पुढें ‘एच’. व्यंजनें अशीं सांवरलीं; स्वर मात्र निसटले. ‘अ’ आणि ‘आ’ दोहोंस एकच अक्षर. हा दोष आम्ही फादरांच्या माथीं मारणार नाहीं. त्यांच्या मातृभाषेंतही हें अक्षर ‘कॅट’, ‘फादर’ आणि ‘बॉल’ या शब्दांत तीन निरनिराळे ध्वनि देतें.

१९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं हें पुराण पुन्हां छापलें, तेंही रोमन लिपींत. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांस लंडनमध्यें मार्सडेन संग्रहांत त्याची नागरी हस्तलिखित प्रत आढळली. १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं सालढाणांच्या आवृत्तीवरून तें देवनागरींत उतरविलें. अकरा हजार ओव्यांत प्रत्येक ‘ए’ पाशीं थांबून, हा काना द्यावा कीं न द्यावा, हें त्यांस ठरवावें लागलें.