शिक्षिका रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळाच. केडगावचे मुक्ती मिशन आणि १९०५ सालचे तेथील संजीवन या गोष्टी आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांची गीते आणि त्यांची प्रार्थनाशील वृत्ती यांविषयीही मंडळीत वेळोवेळी बोलले जाते. परंतु वाचकहो, आज या चरित्राकडे आपण थोड्या निराळ्या बाजूने पाहावे, अशी माझी विनंती आहे. आपण मुंबईत असा, नागपुरात असा, किंवा नोकरीनिमित्त दूर चंदीगढला स्थायिक झालेले असा, आपल्या घरातील लहान मूल शाळेत रंगीत ठोकळे रचते, कागदाच्या घड्या घालते, मातीची चित्रे करते, हे आपण पाहिले असेल. विद्यार्थ्याला मध्यभागी ठेवून शिकविण्याची ही रीत नवी आहे, असे पालकसभेत मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण विधवेने ही रीत अमेरिकेत जाऊन शिकून घेतली आणि ती महाराष्ट्रात आणली, तीही मुख्यतः अशा मुलींसाठी, ज्यांच्या हातात पाटी देणे हेच समाजाला अमंगळ वाटत होते.

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या जन्मापूर्वीच झालेला आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक निघू शकतात, हे त्या तरुण शिष्याने तेथे अनुभवले आणि तो विचार त्याच्या मनात कायमचा रुजला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. त्यावरून गहजब झाला, धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि शास्त्राधाराने आपली बाजू मांडूनही शास्त्रीबुवांनी अखेर सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड थाटले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून तिला शिकविले ते आईने. घरकामाचा भार मोठा, यात्रेकरूंची आणि शिष्यांची वर्दळ सतत. तेव्हा वेळ उरे तो पहाटेचा. पाखरे जागी होत असताना आई झोपाळू मुलीला जवळ घेई, लाडाने उठवी आणि धडा म्हणू लागे. कोश, व्याकरण, भागवत असे सारे पाठांतराने चाले. आजच्या शिक्षणशास्त्र्याला या घोकंपट्टीत काही विशेष दिसणार नाही. परंतु रमाबाईंनी उत्तरायुष्यात आईचे ऋण आठवताना श्लोकांच्या संख्येला महत्त्व दिले नाही. दुसऱ्याच्या फारशा साहाय्यावाचून आपले शिक्षण आपणच पुढे नेता यावे अशी बुद्धीची घडण आईने करून दिली, यासाठी त्या कृतज्ञ राहिल्या. माझ्या मते रमाबाईंच्या पुढच्या साऱ्या शिक्षणकार्याचे बीज येथे आहे.

यानंतरची वर्षे आपल्या परिचयाची आहेत, म्हणून ती संक्षेपाने सांगतो. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत कुटुंबाची भटकंती झाली. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण निवर्तली. १८७८ साली रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री कलकत्त्यास पोहोचले आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला; बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० साली विवाह झाला; कन्या मनोरमा जन्मली; आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. याच अल्प संसारात, सिल्चर येथे, पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली. ज्या शास्त्राच्या भाषांतरासाठी त्यांनी पुढे आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्याची पहिली ओळख त्यांना परप्रांतीच्या भाषेत झाली, हे भाषांतराचे काम करणाऱ्या मला नेहमीच विचार करावयास लावते.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापला, आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात, शाळांच्या तपासणीस स्त्रिया नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण खुले करावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिकणारीला संकोच न वाटेल अशी शिकविणारी हवी, हा त्यामागील विचार किती साधा, पण त्या काळी किती थोड्यांना सुचलेला!

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकाच वेळी विद्यार्थिनी आणि संस्कृतच्या शिक्षिका झाल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्यासारखी शिक्षणतज्ज्ञ स्त्री त्यांना तेथे लाभली. डॉक्टर होण्याची आशा मावळलेल्या या विधवेने मग शिक्षिका होण्याचे शास्त्र मनापासून अभ्यासिले.

१८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. थोडक्या मुक्कामासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत राहिल्या ते १८८८ पर्यंत. तेथे त्यांना फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धती भेटली आणि त्यांनी तिच्या प्रशिक्षणवर्गात नाव घातले.

फ्रोबेल हा जर्मन शिक्षक १८५२ साली वारला. त्याचे सांगणे असे की, मूल हे रोपट्यासारखे आहे. ते आतून वाढते, आणि शिक्षक हा माळी आहे. म्हणून त्याने आपल्या शाळेस मुलांची बाग असे नाव दिले. प्रथम लोकरीचा मऊ चेंडू, मग लाकडी गोल आणि घन, मग भाग पाडून पुन्हा जुळविता येणारे ठोकळे. पुढे काड्या, कागद, माती. या वस्तूंना तो देणग्या म्हणे. मुलाने हाताळावे, मोडावे, पुन्हा रचावे, आणि त्यातून आकार, संख्या, रंग व शब्द यांकडे स्वतःच्या पायांनी जावे. हा विचार राज्यकर्त्यांना इतका धोक्याचा वाटला की, १८५१ साली प्रशियात अशा शाळांवर बंदी घालण्यात आली होती.

रमाबाईंना यात काय गवसले असेल? माझे अनुमान सांगतो. त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती नऊ-दहा वर्षांची बालविधवा. तिच्या हाताचा स्पर्श शुभकार्यात नको, तिचे मुख सकाळी नको, असे ती रोज ऐकत आलेली. अशा मुलीच्या हाती प्रथम पुस्तक दिले तर ती भिते. तिच्या हाती एखादी सुंदर वस्तू ठेवून ‘हे तू कर’ असे म्हटले, की तिच्या हाताविषयी तिला शिकविलेले खोटे तिच्या हातानेच पुसले जाते. रमाबाईंनी अमेरिकेत असतानाच मराठी मुलींसाठी वाचनपुस्तके लिहावयास घेतली. तेथील शाळांविषयी त्यांनी किती बारकाईने पाहिले, हे १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तातही दिसते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. सदनात मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती, अभ्यासाबरोबर बाग होती, वाचण्यास पुस्तके होती. कोंडलेल्या मुलींना फुलझाडांत हिंडू देणे हाही रमाबाईंच्या शिक्षणाचाच भाग होता.

आता वाचकहो, १८९३ सालच्या वादाकडे वळू. हा विषय आपल्याकडे बहुधा घाईने आटोपला जातो. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत आणि दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी की, मुलीला यावेसे वाटले तर तिला अडविणे हे तिच्या मनावर कुलूप घालणे होय. रानडे हे काही स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते. जिच्यावर आपले अन्नवस्त्र अवलंबून आहे आणि जिच्यावर आपले प्रेम आहे, अशा शिक्षिकेचे उघडे दारही अल्पवयीन मुलीला ओढून घेते, ही त्यांची चिंता होती. आपण ख्रिस्ती वाचक साहजिकच रमाबाईंची बाजू घेतो, आणि दार बंद करण्याने त्या मुलींचे काही भले झाले असते असे मलाही वाटत नाही. परंतु रानड्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आज ज्यांच्या वसतिगृहात आणि शाळांत इतरांची मुले राहतात, त्या आपल्या संस्थांनी तो आपल्यापुरता सोडविलेला आहे काय, हे आपणच पाहावे. दिलेला शब्द आणि विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य यांत अंतर पडू लागले की शिक्षकाची खरी परीक्षा होते. आणि त्या परीक्षेत रमाबाईंनी पैशाचा आधार व थोरामोठ्यांचा पाठिंबा गमावण्याची तयारी दाखविली, एवढे मात्र त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर वसाहत उभी राहिली. तिचे नाव मुक्ती. या संस्थेने आपले ख्रिस्तीपण कधी झाकले नाही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर ही संख्या हजारांच्या घरात गेली.

शिक्षिका म्हणून रमाबाईंची खरी कसोटी येथे लागली. शारदा सदनातल्या मुली पुष्कळशा ब्राह्मण घरातल्या, भाषेचा संस्कार असलेल्या. येथे आल्या त्या भुकेने खंगलेल्या, निरनिराळ्या जातींच्या व बोलींच्या, कित्येक वयाने वाढलेल्या, आणि अक्षर म्हणजे काय याची गंधवार्ता नसलेल्या. यांना एका वर्गात, एका पुस्तकावर बसविणे अशक्य होते. लहानांसाठी किंडरगार्टन चालले. मोठ्यांसाठी काम हाच वर्ग झाला: हातमाग, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, शिवण, स्वयंपाक, रुग्णसेवा. जिला जे जमेल तेथून तिने आरंभ करावयाचा, आणि शिकलेलीने नव्याने आलेलीला शिकवावयाचे. प्रौढ शिक्षणाच्या आजच्या प्रशिक्षणात ज्या गोष्टी मोठमोठ्या शब्दांनी सांगितल्या जातात, त्या तेथे गरजेपोटी घडत होत्या. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. मार्काच्या शुभवर्तमानातील तो आंधळा भिकारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नावाचा गोडवा निराळा सांगावा लागणार नाही.

आणि मुक्तीत छापखाना होता. स्त्रिया खिळे जुळवीत, यंत्र चालवीत, पुस्तके बांधीत.

अखेरच्या सुमारे पंधरा-अठरा वर्षांत रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम हाती घेतले. बायबल मराठीत पूर्वीच झालेले होते. तरी त्यांना वाटे की, त्यातील पुष्कळ शब्द संस्कृतप्रचुर आहेत. काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा असा अर्थ चिकटलेला आहे की तो मूळ शास्त्राचा अर्थ झाकतो. आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला ते वाचून उमगत नाही. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकावयास बसल्या. हिंदुस्थानात संस्कृतची पंडिता म्हणून मिरविण्याचा अधिकार ज्या स्त्रीला होता, तिने संस्कृत शब्द बाजूला सारून साधे मराठी शब्द शोधावेत, हा त्याग भाषांतरकारालाच पुरता कळेल. विद्वत्तेचा मोह शब्दाशब्दाला आडवा येतो. सुटसुटीत शब्द लिहिताना आपले अज्ञान दिसेल की काय, अशी भीती पांडित्याला सतत वाटत असते. रमाबाईंना ती वाटली नसावी. कारण त्यांच्यासमोर टीकाकार नव्हता, केडगावची ओवरीत बसून एकेक अक्षर लावणारी बाई होती. हे भाषांतर मंडळ्यांत फारसे रुळले नाही, हे खरे. उपासनेत कानाला सवय झालेली वाक्ये सोडावयास कोणी सहसा तयार होत नाही, याचा अनुभव आम्हां भाषांतरकारांना आजही येतो.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. चाळिशी नुकतीच ओलांडलेली ही कन्या आईचा उजवा हात होती. संस्थेचा पुढील भार तिनेच वाहावा अशी योजना होती. आई कामावर बसून राहिली. भाषांतराचे काम पुरते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळविले होते.