बासूनवादक आर्ची कॅमडेन

पाश्चात्य वाद्यवृंदात व्हायोलिनवादक श्रोत्यांच्या अगदी समोर बसतात, म्हणून त्यांची नावे लोकांच्या सहज ध्यानी राहतात. त्यांच्या मागे उंच लाकडी वाद्य धरून बसलेल्या बासूनवादकाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. अशा मागल्या जागी बसून इंग्लंडभर कीर्ती मिळविलेल्या आर्ची कॅमडेन यांचे अल्पचरित्र आम्ही या अंकात विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

प्रथम या वाद्याची ओळख करून घेऊ. बासून हे फुंकून वाजवावयाचे वाद्य होय. त्याची नळी सुमारे आठ फूट लांब असून ती मध्ये दुमडलेली असते. एरवी ते वाद्य हाती धरणेही कठीण झाले असते. आपल्या सनईप्रमाणेच त्याच्या मुखाशी दुहेरी पत्ती असते. दोन पातळ पाती एकमेकींवर बांधलेली असतात. वादकाच्या श्वासाने त्यांना कंप सुटतो व नाद उमटतो. याचे खर्जातील तुटक स्वर ऐकून हसू येते, म्हणून पुष्कळ काळ लोक त्याला वाद्यवृंदातील विदूषकच समजत. परंतु त्याच वाद्याच्या वरच्या स्वरांत मनुष्याच्या गळ्याची आर्तता आहे, हे फार थोड्यांस ठाऊक होते.

कॅमडेन यांचा जन्म इंग्लंडातील नेवार्क या गावी ९ मार्च १८८८ रोजी झाला. त्यांचे संगीताचे शिक्षण मँचेस्टर येथील रॉयल कॉलेजात झाले. त्या शहरातील हॅले वाद्यवृंद १८५८ सालापासून नावाजलेला होता व या काळी हान्स रिख्टर हे त्याचे संचालक होते. कॉलेजात ऑटो शीडर या गुरूंच्या हाताखाली कॅमडेन जर्मन पद्धतीचे बासून वाजविण्यास शिकले. ही गोष्ट लहान वाटते, पण लहान नव्हे. इंग्लंडातील बहुतेक वादक तेव्हा फ्रेंच पद्धतीचे बासून वाजवीत. दोहोंच्या चाव्यांची मांडणी निराळी, लाकूड निराळे आणि नादही निराळा. बहुसंख्यांची वाट सोडून दुसरी धरणाऱ्याला आपली वाट बरोबर असल्याचे कामानेच सिद्ध करावे लागते.

१९०६ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ते हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. १९१४ साली ते तेथील प्रमुख बासूनवादक झाले आणि त्याच वर्षी, ज्या कॉलेजात आपण शिकलो, तेथेच शिकवूही लागले. वादन व अध्यापन ही दोन्ही कामे त्यांनी मँचेस्टर येथे १९३३ सालापर्यंत चालविली.

त्यांचे नाव घरोघर नेले ते एका ध्वनिमुद्रिकेने. मोझार्टने अठराव्या वर्षी, १७७४ साली, बासूनकरिता रचलेली कन्चेर्तो कॅमडेन यांनी १९२०-३० च्या दशकात सर हॅमिल्टन हार्टी यांच्या संचालनाखाली हॅले वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे चार मिनिटांचेच संगीत मावे, आणि चूक झाली तर ती बाजू पुन्हा आरंभापासून वाजवावी लागे. स्वर दुरुस्त करण्याची आजची साधने तेव्हा नव्हती. श्वास, बोटे व चित्त ही तिन्ही एकाच वेळी ताब्यात असल्यावाचून हे काम होणे शक्य नव्हते. ज्या वाद्याला लोक हसत, ते गाऊही शकते, हे त्या तबकड्यांनी दाखवून दिले. पुढे संगीतकार एरिक फॉग यांनी १९३१ साली खास त्यांच्यासाठी एक कन्चेर्तो रचली.

१९३३ साली ते लंडन येथे बी. बी. सी. च्या वाद्यवृंदात गेले. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली या वाद्यवृंदास लंडन सोडून ब्रिस्टल येथे व १९४१ साली तेथूनही बेडफर्ड येथे जावे लागले. पण संगीत बंद पडले नाही. १९४६ साली तेथील सेवा संपल्यावर कॅमडेन लंडनच्या रॉयल कॉलेजात अध्यापक झाले. आपल्या अनुभवाचे सार त्यांनी १९६२ साली बासूनवादनाच्या तंत्रावरील पुस्तकात ग्रथित केले. १६ फेब्रुवारी १९७९ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच इंग्लंडातील बहुतेक वादकांनी जर्मन पद्धत स्वीकारली. या बदलात जुन्या फ्रेंच बासूनचा मधुर नाद त्या देशात दुर्मिळ झाला, याची हळहळ जाणत्यांस वाटली, आणि ती अस्थानी नव्हती. नवे येते तेव्हा जुन्यातील काही चांगलेही जाते. म्हणून निवड करणाऱ्याने दोन्ही नीट पारखून घ्यावीत.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गात, खेळात वा सभेत सर्वांनाच पुढली जागा मिळत नाही. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने लोकांच्या नजरेत भरणारे कामच पत्करावे असा आग्रह त्यांनी धरू नये. मागल्या रांगेतील एक स्वर चुकला तर सारा मेळ बिघडतो, आणि तो बरोबर लागावा म्हणून कॅमडेन यांनी आपले उभे आयुष्य वेचले.